कोरड्या दिवसांची नोंद

संतकवी दासोपंतांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागायची, असं आमच्या मराठवाड्यात सांगतात. शाई संपली की त्या दिवसाचं लिहिणं संपलं. ही आख्यायिका आहे. शाईचा जमाखर्च कुणी पाहिलेला नाही. पण तिच्यामागचं काम खरं आहे. दासोपंतांचा 'गीतार्णव' सव्वा लाख ओव्यांचा मानला जातो. ज्ञानेश्वरी नऊ हजारांच्या आसपास. रोज पंचवीस ओव्या धरल्या आणि एकही खाडा धरला नाही, तरी सव्वा लाखाला पाच हजार दिवस लागतात, म्हणजे साडेतेरा वर्षांहून जास्त. शिवाय 'पदार्णव' आहे. सुमारे ४० फूट लांब कापडी पासोडीवर लिहिलेलं 'पंचीकरण' आहे. ती पासोडी अंबाजोगाईत जपून ठेवलेली आहे. आणि आयुष्य १५५१ ते १६१५ एवढंच. त्यातलाही तरुणपणाचा बराच काळ माहूरच्या डोंगरात दत्ताच्या उपासनेत गेला, असं परंपरा सांगते.

माहूर आमच्याच नांदेड जिल्ह्यात, किनवटच्या पलीकडं. दत्तजयंतीला आमच्या इस्लापूरवरून माणसं तिकडं जातात, तेव्हा मला दत्ताबरोबर ती शाईही आठवते. त्या गोष्टीतलं माप मला फार शहाणपणाचं वाटतं. दासोपंतांनी रोज इतक्या चांगल्या ओव्या लिहीन असं ठरवलं नाही. इतकी शाई संपवीन, एवढंच ठरवलं. ओवी कशी उतरेल हे लिहिणाऱ्याच्या हातात नसतं. दौतीत किती शाई ओतायची आणि ती तळाला जाईपर्यंत बैठक मोडायची नाही, हे मात्र असतं. जे हातात आहे त्याचंच माप धरलं, म्हणून ते माप पुरलं.

रोज काही तरी लिहावं, वाचत राहावं, हा समर्थांच्या नावानं सांगितला जाणारा उपदेश आमच्याकडच्या बहुतेक शाळांच्या भिंतींवर रंगवलेला असतो. त्याच समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात पहिलाच समास लेखनक्रियेवर लिहिला आहे, तो मात्र भिंतीवर कुणी रंगवत नाही. त्यात प्रेरणा, प्रतिभा असलं काही नाही. अक्षर वाटोळं हवं, ओळी सरळ हव्यात, पहिलं अक्षर ज्या वळणाचं तेच शेवटपर्यंत टिकायला हवं, कडेला जागा सोडायला हवी, असल्या सूचना आहेत. तरुणपणी फार बारीक लिहिलं तर म्हातारपणी ते आपल्याला वाचता येत नाही, असा चष्म्याच्या दुकानात लावण्यासारखा इशाराही आहे. मी मराठी शिकवतो. वर्गात हा समास सांगितला की पोरं हसतात. पण रोज लिहायला बसणाऱ्याला यातलं एकेक वाक्य पटत जातं. लिहिणं आधी मनगटाचं आणि पाठीचं काम आहे; डोक्याचं नंतर.

आता इस्लापूरविषयी. माझ्या रोजच्या लिहिण्याचा या गावाशी जो संबंध आहे, तो एका कायद्यातून सुरू होतो. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात आमच्या गावाचं नाव आहे. तेव्हाच्या हैदराबाद राज्यातला कोणता भाग मुंबई राज्यात जाईल, याची यादी त्यात दिली आहे. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद अशी मोठी नावं येतात, बिदरमधले अहमदपूर, निलंगा, उदगीर हे तालुके येतात, आणि त्यांच्यामागून आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथ तालुक्याचं इस्लापूर सर्कल, किनवट तालुका, राजुरा तालुका. संसदेनं केलेल्या कायद्यात आमचं एवढंसं गाव! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. त्या ओळीनं गावाचा तालुका बदलला, जिल्हा बदलला, राज्य बदललं. १ नोव्हेंबर १९५६ ला इस्लापूर आदिलाबादेतून नांदेडात आलं.

पण त्या दिवशी इथं काय झालं? कोण कुणाला काय म्हणालं? बोथला खेटे घालणाऱ्याला बरं वाटलं की सोयरीक तुटल्यासारखं झालं? तेलुगू बोलणाऱ्या घरांत काय चर्चा झाली? यातलं काहीच कुठं लिहिलेलं नाही. पंचांग मागं नेलं तर ते दिवस ऐन दिवाळीचे निघतात. म्हणजे घराघरांत फराळाची गडबड असणार, कुणाच्या तरी दारात पणत्या धुऊन वाळत घातलेल्या असणार. हा माझा तर्क. एका माणसानं त्या दिवशी चार ओळी खरडून ठेवल्या असत्या, तर तर्काची गरज पडली नसती. 'आज काही विशेष नाही. तालुका बदलला म्हणतात. दुकान उघडं होतं.' एवढंही चाललं असतं. मोठ्या कागदात गावाचं नाव एकदा येतं आणि पुन्हा येत नाही. मधल्या सगळ्या दिवसांचा हिशेब गावातल्याच कुणी तरी ठेवायचा असतो, ही जाणीव मला वहीकडं घेऊन गेली.

तसं पाहिलं तर इस्लापुरात रोज लिहिणारी माणसं कमी नाहीत. किराणा दुकानदार रात्री रोजमेळ लिहितो. पोलीस ठाण्यात स्टेशन डायरी असते. दूध घेणारा लिटर आणि फॅट लिहितो. आम्ही मास्तर लोक टाचण काढतो. दवाखान्यातल्या सिस्टरच्या रजिस्टरांची चळत तिच्या डोक्याइतकी उंच असेल. या कुणालाही आपण लेखक आहोत असं वाटत नाही, आणि आज सुचत नाही अशी तक्रारही यांच्यापैकी कुणी करत नाही.

या सगळ्यांत मला शिकवून गेले ते पाऊस मोजणारे एक काका. तालुक्याच्या कचेरीत नोकरीला होते, आता निवृत्त आहेत. पावसाची मोजणी सकाळी साडेआठला होते, देशभर हीच वेळ. काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंत पडलेलं पाणी आजच्या तारखेला लिहायचं. वर नरसाळं, खाली भांडं, भांड्यातलं पाणी खुणांच्या काचेच्या नळीत ओतायचं, डोळ्यांच्या रेषेत धरून आकडा वाचायचा, वहीत उतरवायचा. आता मंडळा-मंडळात स्वयंचलित हवामान केंद्रं आली. आकडा कुणी न बघताही जातो. पण काकांच्या काळात माणूस जायचा. किती तरी बारीकसारीक गोष्टी त्या आकड्यावर अवलंबून असत, आजही आहेत. मंडळात चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरची रेघ ओलांडली की अतिवृष्टी. अलीकडं राहिली तर नाही. शेतात गुडघाभर पाणी साचलेलं असलं तरी कागद आधी ती रेघ बघतो.

"सगळ्यात अवघड दिवस कोणता?" मी काकांना विचारलं. मला वाटलं, मुसळधार पावसाचा सांगतील, छत्री उडून गेल्याचं काही तरी ऐकायला मिळेल.

"पाऊस न्हाई तो दिवस," ते म्हणाले. "ऊन पडलेलं दिसतंय. रात्री थेंब न्हाई आला हे आपल्याला ठावं हाय. तरी उठून जायचं, भांडं काढायचं, बघायचं, आन् मग शून्य लिवायचं. कोरं सोडायचं न्हाई."

"का? पाऊस नव्हता हे दिसतंच की."

"सर, कोरं सोडलं तर वाचणाऱ्याला कळंल का, पाऊस नव्हता का मी गेलो नव्हतो?"

रोज लिहिण्याबद्दल मी बरीच पुस्तकं चाळली आहेत, व्याख्यानं ऐकली आहेत. इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं. कोरी जागा म्हणजे कुणी पाहिलं नाही. शून्य म्हणजे पाहिलं, आणि पाऊस नव्हता. कागदावर दोन्ही जवळजवळ सारखंच दिसतं, पण एका जागी माणूस उभा आहे आणि दुसऱ्या जागी नाही. चार महिन्यांचा तक्ता समोर ठेवला तर पावसाचे आकडे शून्यांमुळंच बोलायला लागतात. पेरणीनंतर किती दिवस उघडीप पडली, दुबार पेरणी का करावी लागली, कापूस कुठं खुंटला, हे मोठे आकडे सांगत नाहीत. ओळीनं मांडलेली शून्यं सांगतात. दुष्काळाची गोष्ट शून्यांतच लिहिलेली असते.

लिहिण्याची सवय मोडते ती अशाच कोरड्या दिवसांत. लग्न, मयत, पूर, निकाल, भांडण, प्रवास या दिवशी लिहायला कुणाला सांगावं लागत नाही. त्या दिवशी हात आपोआप वहीकडं जातो. मंगळवारी मात्र काहीच घडलेलं नसतं. शाळा झाली, भाजी आणली, लाईट गेली, लाईट आली. आज लिहिण्यासारखं काही नाही म्हणून मंगळवार कोरा जातो, बुधवारही मंगळवारसारखाच निघतो, आणि पुढचा पूर येईपर्यंत वहीवर धूळ बसते. काकांचा नियम इथं उपयोगी पडतो. लिहिण्यासारखं आहे का, हा प्रश्नच नाही. साडेआठ वाजले की जाऊन भांडं बघायचं.

याच्या उलटी एक तऱ्हाही आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. तपासणी लागली की एका बैठकीत अख्खा महिना भरला जातो. कोणत्याही कचेरीतलं, कोणत्याही शाळेतलं असं रजिस्टर उघडा. ओळखायला वेळ लागत नाही. एकच पेन, एकच शाई, अक्षराचा एकच कल. एक तारखेला जो उत्साह तोच तीस तारखेला. खऱ्या रोजच्या वहीत असं होत नाही. कधी निळी शाई, कधी काळी, कधी पेन्सिल. एका पानावर चहाचा डाग. कुठं अक्षर दाट, कुठं तापात लिहिल्यासारखं पांगलेलं. समर्थांना पहिल्यापासून शेवटपर्यंत अक्षर एकसारखं हवं होतं, पण ते ग्रंथ उतरवणाऱ्यासाठी. रोजनिशीचं अक्षर बदलतं राहिलं तरच तिच्यावर विश्वास बसतो. मागच्या तारखा आज भरल्या की शून्यही खोटं होतं, आणि खोटं शून्य कोऱ्या जागेपेक्षा वाईट. कोऱ्या जागेनं निदान कुणाला फसवलेलं नसतं.

माझी वही सकाळची आहे. नळाला पाणी येण्याच्या आधीचा वेळ. काय लिहितो? बहुतेक दिवस शून्याच्या आसपासचंच. पळस फुलला. मोहाची फुलं वेचायला पोरं पहाटे गेली. सरकीची ढेप महाग झाली. सहस्रकुंडच्या धबधब्याला पाणी चढलं, चौकात बाहेरगावच्या गाड्या वाढल्या, भज्यांची कढई दुपारीच चुलीवर चढली. पैनगंगेच्या पलीकडचा, म्हणजे यवतमाळकडचा माणूस शेंगदाणे विकायला आला होता, त्याच्या बोलण्यातला विदर्भी हेल. दुकानाच्या ओट्यावर एका बाईनं तेलुगूत भाव विचारला, दुकानदारानं बंजाऱ्यांच्या गोरमाटीत उत्तर दिलं, आणि सौदा मराठीत पटला. यातलं एकही वाक्य कथेत घालण्यासारखं नाही. लिहिताना मलाही ते फार काही वाटलं नव्हतं.

काही वर्षांच्या वह्या शेजारी ठेवल्यावर वेगळंच दिसायला लागलं. शाळेच्या हजेरीपटावर मार्च-एप्रिलात काही नावांपुढं गैरहजेरीच्या खुणा दाट होतात. हजेरीपट एवढंच सांगतो. माझ्या वहीत त्याच दिवसांत मोहाची फुलं आहेत, आणि पुढं मे महिन्यात तेंदूपत्ता. हजेरीपटावरचं आळशी पोरगं माझ्या वहीत टोपली घेऊन पहाटे जंगलात चाललेलं दिसतं. दोन कोरडी टिपणं शेजारी आली आणि एका मुलाकडं बघण्याची माझी नजर बदलली. रोज लिहिण्यानं भाषा सुधारते असं आम्ही शाळेत सांगतो. सुधारत असेल. पण त्याआधी बघणं सुधारतं. संध्याकाळी किंवा सकाळी नोंद द्यायची आहे हे ठाऊक असलं की माणूस दिवसभर जरा जास्त जागा असतो. काका नोंदीसाठी आकाश बघत. नोंद नसती तर रोज सकाळी साडेआठला आकाश बघायचं त्यांना कारण नव्हतं.

अक्षर न शिकलेल्या बायकांनी ही सवय आपल्याकडं शेकडो वर्षं पाळली, हे विसरून चालणार नाही. पहाटे जात्यावर बसायचं, हातानं खुंटा फिरवायचा आणि तोंडानं ओवी जुळवायची. माहेर, भाऊ, नवरा, विठ्ठल, पाऊस, आंबेडकर, सगळं त्या ओव्यांत आलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांना घेऊन गावोगाव फिरून या ओव्या गोळा केल्या. त्यांचा आकडा लाखाच्या वर गेला. दासोपंतांचा सव्वा लाख एका माणसाचा; हा लाख हजारो बायकांचा, आणि त्याला शाईचा थेंबही लागला नव्हता.

ओवी सुचावी म्हणून कुणी बाई जात्यावर बसत नव्हती. सकाळच्या भाकरीला पीठ हवं होतं म्हणून बसत होती. ओवी त्या न चुकणाऱ्या कामाला बांधलेली होती, म्हणून तीही चुकत नव्हती. मग गावोगाव पिठाची गिरणी आली. बायकांच्या खांद्यांचं एक मोठं ओझं उतरलं, ते उतरायलाच हवं होतं. पण जातं थांबलं आणि ओवीही थांबली. बायकांचं दुःख संपलं नव्हतं, शब्द संपले नव्हते. ज्या कामाला ते बांधले होते ते काम सुटलं होतं. म्हणून रोज लिहायचं म्हणणाऱ्या माणसाला मी फुरसत शोधायला सांगत नाही. तुमचं न चुकणारं काम कोणतं ते बघा आणि लिहिणं त्याच्या खुंट्याला बांधा, असं सांगतो. फुरसत रोज मिळत नाही. नळाचं पाणी, चहा, गाडीची वाट बघणं, दुकान उघडणं हे रोज असतं.

कुणी म्हणेल, मोठं लेखन असं थेंबाथेंबानं होत नाही. ते एकदम येतं. आणि साने गुरुजींचं उदाहरण देईल. नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून झाली, ही गोष्ट शिक्षकदिनाच्या भाषणांत हमखास येते. पाच दिवस खरे आहेत, पण त्या पाच दिवसांच्या मागं अमळनेर आहे. प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना गुरुजी वसतिगृह सांभाळत आणि तिथल्या मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. दैनिक, हाताने लिहिलेलं, मूठभर मुलांसाठी! शिकवणं, मुलांची आजारपणं, खोल्या झाडणं हे सगळं करून त्या माणसानं रोज मुलांशी कागदावर बोलायची सवय लावून घेतली होती. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात गेले. नाशिकच्या कोठडीत श्याम मित्रांना रात्रीमागून रात्री आईच्या आठवणी सांगायला बसला, तेव्हा मुलांसमोर कसं बोलायचं हे त्या हाताला आधीपासून ठाऊक होतं. धबधबा दिसतो तिथं बघ्यांची गर्दी असते; सहस्रकुंडला आम्ही ती दरवर्षी पाहतो. पण पाणी वरच्या रानांतून ओहळाओहळानं गोळा होऊन आलेलं असतं.

विनोबांची 'गीताई' तर थेट हिशेबानंच झाली. ७ ऑक्टोबर १९३० ला सुरुवात, ६ फेब्रुवारी १९३१ ला शेवट. सातशे श्लोक. चार महिन्यांना भागलं तर दिवसाला सहासुद्धा पडत नाहीत. आईला संस्कृत गीता कळत नव्हती, मराठीत तूच का करत नाहीस असं ती म्हणाली होती; ती १९१८ मध्येच गेली. तिचा शब्द त्यानंतरही बारा वर्षं मनात राहिला आणि मग दिवसाला पाच-सहा श्लोकांच्या गतीनं कागदावर आला. कुठं दासोपंतांचा शाईचा पाट आणि कुठं ही मोजून घेतलेली पळी. माप कितीचं आहे यानं फार बिघडत नाही. ते आपल्या हाडापेराला झेपणारं असावं आणि रोजचं असावं.

आमच्या नांदेडचे नरहर कुरुंदकर मात्र या चौकटीत सहज बसत नाहीत, आणि त्यांना जबरदस्तीनं बसवू नये. पीपल्स कॉलेजात शिकवणारा, पुढं तिथंच प्राचार्य झालेला हा माणूस १९८२ मध्ये पन्नाशी गाठायच्या आत गेला. त्यांचं पुष्कळसं लेखन व्याख्यानांतून, प्रस्तावनांतून, पत्रांतून आलं. 'श्रीमान योगी'ची गाजलेली प्रस्तावनासुद्धा रणजित देसाईंना लिहिलेल्या पत्राच्या रूपात आहे. कुरुंदकरांची रोजची सवय बोलण्याची होती. समोर माणूस असला की विचार उभा राहायचा. काहींचं लिहिणं असंच कुणाच्या तरी मागणीवर चालतं. 'मराठवाडा' दैनिकाचे संपादक अनंत भालेराव यांचं बघा. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये सुरू केलेलं हे पत्र निजामानं बंद केलं की नवं नाव घेऊन पुन्हा निघायचं. वाचक वाट बघत होता आणि सरकार टपलेलं होतं. अशा पत्रात आज सुचलं नाही ही सबब चालत नाही. ती परंपरा भालेरावांनी पुढं अनेक वर्षं अग्रलेखांतून चालवली. छपाईला पान जायची वेळ हीच त्यांची साडेआठची वेळ. म्हणजे कुणी स्वतःच्या नियमावर लिहितो, कुणी दुसऱ्याच्या वाट बघण्यावर. ज्याला एकट्यानं जमत नाही त्यानं आपली वाट बघणारा एक माणूस शोधावा. त्यात कमीपणा नाही.

गेल्या काही वर्षांत मी नववीच्या वर्गाला रोज दोन ओळी लिहायला लावतो. नियम तीनच. कोरं सोडायचं नाही. मागची तारीख आज भरायची नाही. आणि मी शुद्धलेखन तपासणार नाही. पोरं हुशार असतात. पहिल्या आठवड्यात वर्गभर एकच वाक्य आलं: आज काही घडले नाही. मी काकांची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, चालेल, शून्य लिहा. पण भांडं काढून बघितलं होतं याची एक खूण त्यात पाहिजे. काही घडलं नाही हे तुम्हाला कुठं उभं राहून कळलं ते लिहा. मग 'आज काही घडले नाही, मी दिवसभर गावाच्या पाटीपाशी बसून म्हशी बघत होतो' असं आलं. 'काही नाही. आई तांड्यावर बसून बाबाच्या फोनची वाट बघत होती' असं आलं. तांड्यावरच्या त्या मुलीचा बाप ऊसतोडीला गेलेला होता. तिनं विचारलं, "सर, मधी मधी गोरमाटी शबुद येतो, चालतंय का?" चालतंय म्हटलं. तिच्या वहीत आता दोन ओळींच्या चार होतात, आणि मराठीत न मावणारं काही आलं की ती बिनदिक्कत आपल्या बोलीत शिरते.

या जूनमध्ये एका मुलाच्या घरी वाद झाला. आजोबांचं म्हणणं, गेल्या साली मिरगाचा पाऊस मिरगातच पडला होता आणि सरकी वेळेवर लावली होती. यंदाच सगळं उलटं झालंय. बापाचं म्हणणं, गेल्या सालीही उशीरच होता. दोघंही हट्टाला पेटले. पोरगं उठलं, दप्तरातून मागची वही काढली आणि वाचून दाखवलं. मृग लागल्यावर बऱ्याच पानांवर नुसतंच 'ऊन. पाऊस नाही. बाबा शेतात जाऊन आले,' हेच होतं. पाऊस त्यानंतर आला होता. आजोबा हरले. हरलेले आजोबा थोडा वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी विचारलं, त्या वहीत अजून काय काय आहे?

मुलगा सांगतो, तेव्हापासून आजोबा रोज जेवण झालं की हाक मारतात, "लिवलास का रं आज?" नाही म्हटलं तर बसवून घेतात. होय म्हटलं तर वाचून दाखवायला लावतात आणि राहिलेलं सांगतात. बैल कुणाचा विकला गेला, विहिरीला पाणी किती परस आहे, बोथचा बाजार पूर्वी कसा भरायचा. दोन ओळींच्या वहीचं पान पुरेना म्हणून मुलानं माझ्याकडं मोठी वही मागितली. मी दिली, आणि एक काम सोबत दिलं: आजोबांना एकदा विचार, तालुका बोथचा किनवट झाला, त्या दिवाळीत त्यांच्या घरी काय चाललं होतं. ते तेव्हा पोरसवदा असतील. काहीच आठवत नाही म्हणाले तर तेही तारीख घालून लिही.